हन्नाबाईंचे बर्फावरचे बूट

हन्नाबाई बूट घालून उभ्या राहिल्या आणि त्यांचा उजवा घोटा आतल्या बाजूला कलला. त्यांनी भिंतीला हात लावला, पाय नीट ठेवला, पुन्हा उभ्या राहिल्या. घोटा पुन्हा कलला. उकडलेलं रताळं दाबावं तसा तो बूट दबत होता.

दादा खाली बसून अभिमानानं बुटाकडे बघत होता.

"बाई, वरून तांब्याभर पानी वता. एक थेंब आत गेला तर मला सांगा."

हन्नाबाईंनी पाणी ओतलं नाही. त्या स्टुलावर बसल्या. दवाखान्यात शिकलेल्या मराठीत त्या नेहमी सावकाश बोलत. "पाणी आत जाणार नाही," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा कुठे जाणार नाही. दावीदभाऊ, हा बूट मेला."

आमचं दुकान नगरला भिंगारच्या कॅम्पात होतं. अजून आहे. पलटणीतल्या लोकांचे बूट, पट्टे, खोगिरं, कातडी पेट्या अशी कामं आम्ही दोघे भाऊ करायचो. मी मॅट्रिक झाल्यावर थोडे दिवस मिशनच्या शाळेत शिकवलं होतं. वडील गेले तेव्हा शाळा सोडून दुकानात बसलो. त्यामुळे दादा मला जन्मभर 'मास्तर' म्हणाला. नावानं हाक मारली असेल ती फक्त आमच्या ख्रिस्ती देवळात, तीही पाळकसाहेब जवळ असले तर.

दादा गेला त्याला एक पावसाळा आणि अर्धा हिवाळा झाला. त्याची आरी आणि रापी अजून त्याच्या जागेवर आहेत. काम आता थोडं येतं, वेळ बराच असतो, म्हणून एकेक आठवण लिहून काढतो आहे. ही त्यातली पहिली. आमच्या हातून एवढं चांगलं काम दुसरं झालं नाही, आणि एवढं बिघडलेलंही नाही. ते एकच काम होतं.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षीची दिवाळी नुकतीच झाली होती. हन्नाबाई मिशनच्या दवाखान्यात होत्या. मोडलेलं हाड डॉक्टर बसवत, आणि तो पाय पुन्हा चालता करायचं काम हन्नाबाईंचं. मालिश करायची, व्यायाम करून घ्यायचा, रागवायचं. त्या व्हिएन्नाच्या. तिकडे ज्यू लोकांवर जे आलं त्यातून त्या लढाईच्या आधी एकट्याच निसटल्या आणि फिरत फिरत नगरला पोचल्या. त्यांचं नाव आमच्या लोकांत आधीपासून होतंच, त्यामुळे त्या लगेच हन्नाबाई झाल्या.

दवाखान्यातली त्यांची जागा मूळची दुसऱ्या बाईंची होती. त्या लढाईच्या कामावर गेल्या होत्या आणि आता परत येणार होत्या. नाताळानंतर हन्नाबाईंना जागा नव्हती. अशात सिमल्याहून विचारणा आली. सिमल्याला थंडीत मैदानावर पाणी सोडून बर्फ करतात आणि त्यावर लोक पायाला पोलादी पाती लावून घसरत खेळतात. तिथे मुलांना शिकवायला कोणी हवं होतं. हन्नाबाई व्हिएन्नाला हेच शिकवत असत. बूट स्वतःचे हवेत, एवढी एकच अट होती. तीन आठवड्यांत हो की नाही ते कळवायचं होतं.

बूट त्यांच्याजवळ होते. निघताना आईनं ट्रंकेत घातले होते. "मी आईला हसले," त्यांनी मला सांगितलं. "म्हटलं, हिंदुस्थानात बर्फ कुठे असतो? लोकरीचा कोट घाल त्याऐवजी. तिनं कोट बाहेर काढला आणि बूट ठेवले." आईचं पुढे काय झालं ते त्यांना तोपर्यंत कळलं नव्हतं. मी विचारलं नाही.

ते बूट काळे, उंच, घोट्याच्या वरपर्यंत लेस बांधायचे. खाली चामड्याचा जाड तळ, आणि तळाला स्क्रूनं बसवलेलं पोलादी पातं, पुढच्या टोकाला बारीक दाते असलेलं. इतकी वर्षं पत्र्याच्या ट्रंकेत राहून त्यांना बुरशी लागली होती. स्क्रू गंजले होते. स्क्रूंच्या भोवती तळाचं चामडं कुजून नख रुतेल इतकं मऊ झालं होतं.

अशा बुटाचा शत्रू पाणी. पात्याखाली बर्फ वितळतो आणि ते पाणी स्क्रूंच्या भोकांतून वर चढतं. चामडं कुजतं, स्क्रू ढिले होतात, पातं हलतं. पातं हललं की माणूस पडतो, आणि बर्फावर पडणं म्हणजे दगडावर पडणंच. हन्नाबाईंनी बूट आणून ठेवले तेव्हा एवढंच सांगितलं होतं, "पाणी आत गेलं नाही पाहिजे." तिकडे हे काम त्यांच्या गावचा चांभार करायचा. तो काय लावायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं.

दादानं ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "हात्तिच्या! पान्याचं चामडं मला शिकवायचं व्हय?"

त्याचं चुकलं कुठे ते समजायला आमचा भाग माहीत पाहिजे. नगर जिल्ह्यात त्या काळी पाण्याचं चामडं म्हणजे मोट. विहिरीतून बैलांनी ओढायची चामड्याची मोठी पिशवी. दुसरी भिस्त्याची पाणी वाहायची पखाल. दोन्हींना भरपूर तेल पाजायचं, चरबी चोळायची, मऊ ठेवायची. मऊ चामडं चिरत नाही आणि चिरलं नाही तर गळत नाही. शेवगावाकडचे शेतकरी दादाकडे मोट दुरुस्तीला आणत. त्यानं बांधलेली मोट गळाली असं मी ऐकलं नाही.

तेव्हा त्यानं करंजाचं तेल कोमट केलं, त्यात चरबी विरघळवली आणि बुटाला पाजायला घेतलं. मी एवढंच म्हणालो, "दादा, आधी एकच बूट कर. कसा होतो ते बघू."

"मास्तर, तू शाळंत आधी एकच पोरगं शिकवून बघायचास का?"

पण त्यानं ऐकलं. दोन दिवस तेल पिऊन उजव्या बुटाचं चामडं लोण्यासारखं मऊ झालं. वर पाणी टाकलं की मोती होऊन घरंगळायचं. दादा येईल त्या गिऱ्हाइकाला ते दाखवत होता. मग हन्नाबाई आल्या आणि उभ्या राहिल्या.

बूट मेला म्हटल्यावर दादा चिडला. चुकल्यावर तो आधी चिडायचाच.

"बाई, तुमी म्हनला पानी नको. पानी न्हाई. आता म्हनता मेला. बूट हाय तो, बैल न्हाई मरायला."

हन्नाबाई उठल्या. "दावीदभाऊ, इथं बसा. चप्पल काढा."

दादा बसला. त्यांनी त्याचा पाय मांडीवर घेतला. दादा एकदम संकोचला आणि माझ्याकडे बघायला लागला.

"इथं दुखतं?"

"न्हाई."

त्यांनी पाऊल थोडं आत वळवलं. "आता?"

"आई गं! बाई, सोडा!"

"आता दुखतं," त्या मला म्हणाल्या, डॉक्टरला सांगावं तसं. मग त्यांनी दोन्ही तळवे घोट्याच्या दोन बाजूंनी घट्ट दाबून धरले. "आता तुम्ही वळवा. जोरात."

दादानं जोर केला. पाऊल वळलं नाही.

"सगळं वजन एका पात्यावर. पातं एवढंसं." त्यांनी करंगळीची कड दाखवली. "घोटा एकटा काय करणार? हे माझे हात आहेत ना? बुटात असे हात पाहिजेत."

दादा स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. चप्पल घालायचीही त्याला आठवण राहिली नाही. "म्हंजे खपाची," तो म्हणाला. हाड मोडल्यावर बांधतात ती. "मास्तर, ही मोट न्हाई रं. हे खपाच्या लावल्यालं पाऊल हाय."

"हो!" हन्नाबाई म्हणाल्या. "खपाची! रोज बांधते मी."

"मग आधी सांगायचं की, बाई."

"तुम्ही आधी विचारायचं की, भाऊ."

यावर दादा हसला, तेव्हा मला जरा धीर आला. पण पेच होताच. नवे बूट करून का दिले नाहीत, असं कोणी विचारेल. तसं कडक, एकसारखं कातडं लढाई संपली तरी अजून मिळत नव्हतं. शिवाय त्यांची पावलं त्या बुटात बसलेली होती. नवा बूट पायाशी सोयरीक करायलाच महिने घेतो. डावा बूट शाबूत होता, त्याच्यावरून उजवा पुन्हा उभा करायचा होता. नाही जमलं तर बाईंनी सिमल्याला नकार कळवायचा आणि नाताळानंतर कुठे जायचं ते त्यांनाही माहीत नव्हतं.

पहिलं काम तेल काढायचं. कुंभारवाड्यातून शाडूची माती आणली. गणपती करतात ती. वाळवून, वस्त्रगाळ करून बुटात ठासून भरली, बाहेरूनही थापली आणि बूट कोवळ्या उन्हात ठेवला. ऊब लागली की तेल पातळ होतं आणि माती ते ओढून घेते. माती काळपट झाली की झटकायची, नवी भरायची. अंगणात पाटावर ठेवलेला तो मातीचा बूट बघून वहिनी म्हणाली, "बुटात गनपती बसवताय व्हय दोघं भाऊ? पाळकसाहेब दारावरून गेले म्हंजे समजेल."

"तू वाटीभर माती चाळून दे," दादा म्हणाला. "परसाद तुला पहिला."

सगळं तेल निघत नाही. निघालं तेवढ्यावर भागवायचं ठरलं, कारण ताठपणा आता वरच्या चामड्याकडून घ्यायचाच नव्हता. प्रत्येक चांगल्या बुटाच्या टाचेत, वरचं चामडं आणि आतलं अस्तर यांच्या मध्ये एक कडक तुकडा दडवलेला असतो. आम्ही त्याला काउंटर म्हणतो. तुमच्या बुटाची टाच चिमटीत धरा, जे दबत नाही ते काउंटर. साध्या बुटात तो टाचेपुरता असतो. दादानं उजव्या बुटाची मागची शिवण उसवली तेव्हा दिसलं की या बुटात तो घोट्याच्या वरपर्यंत आणि पुढे तळपायाच्या कमानीखालपर्यंत गेलेला आहे. आणि तेल पिऊन तो पुरणपोळीसारखा झालेला होता.

नव्या काउंटरला चामडं खोगिराचं घेतलं. पलटणीचे घोडे जाऊन गाड्या आल्या होत्या, त्यामुळे कॅम्पात जुनी खोगिरं पडून असत. जाड, जून, सुकलेलं कातडं. ते भिजवून लाकडी फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, चढवलं आणि सुतळीनं आवळून सावलीत वाळू दिलं. घोट्याचं हाड येतं तिथे दादानं खोलगट जागा ठोकून काढली. त्यासाठी हन्नाबाईंना बोलावून त्यांच्या घोट्यावर अंगठा ठेवून बघितला. आधी परवानगी मागितली आणि मग डोळे मिटून बघितला. त्याचं माप असंच असायचं.

पण नुसतं खोगिराचं कातडं पुन्हा भिजलं की पुन्हा मऊ पडणार. ते ताठ राहून वर पाण्याला दाद न देणारं हवं होतं. तेव्हा मला फर्निचरचं पॉलिश आठवलं. मिशनच्या शाळेतली बाकं दर वर्षी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पुसत असू. मुलांनी दौती सांडल्या तरी शाई लाकडात मुरत नसे, आणि ज्या फडक्यानं पुसायचो ते फडकं दुसऱ्या दिवशी पत्र्यासारखं कडक व्हायचं. त्या फडक्याची मला आठवण झाली.

"दादा, लाख लावू."

"बांगड्या करायच्यात का?"

"करून तर बघू. एका तुकड्यावर."

स्पिरिट हन्नाबाईंनी दवाखान्यातून रीतसर मागून आणलं. तुकडा लाखेत बुडवला, वाळला, पुन्हा बुडवला. सुकल्यावर दादानं तो टेबलाच्या कडेवर आपटला. लाकडासारखा आवाज आला. मग त्यानं तो पाण्याच्या बादलीत टाकला आणि जेवायला गेला. जेवून आला, काढला, पुन्हा आपटला. तोच आवाज. त्यानं लाखेची वाटी स्वतःकडे ओढून घेतली. दादाची शाबासकी द्यायची तऱ्हा ती अशी.

दोन्ही बुटांना नवे तळ घातले. जुन्यांची भोकं कुजलेलीच होती. तळांना आणि टाचेच्या थरांना कडेपर्यंत लाखेचे हात दिले. स्क्रूंच्या भोकांत मेण आणि राळ वितळवून ओतली आणि स्क्रूही त्यात बुडवून फिरवले. राळ मेणाला घट्टपणा देते, नाहीतर ऊब लागताच मेण वाहून जातं. पात्याचा गंज विटेची पूड आणि रॉकेल लावून काढला. पात्याच्या खालच्या बाजूला लांबीभर एक बारीक पन्हळ असते. दादाचं फडकं तिथे पोचायच्या आत हन्नाबाई म्हणाल्या, "तिथं हात नाही. त्याला धार सिमल्याला लावतील." दादानं हात मागे घेतला. पंधरा दिवसांपूर्वी त्यानं तो घेतला नसता.

आता पाणी आत जातं की नाही हे कसं बघायचं? बुटात हात घालून ओल कळते, पण ती कुठून आली ते कळत नाही. मी टीपकागद कापून बुटाच्या आतल्या तळाच्या आकाराचे केले आणि त्यांवर कॉपिंग पेन्सिलीनं ठिपके काढले. ही पेन्सिल कोरडी असते तोवर राखाडी लिहिते. ओल लागली की अक्षर जांभळं होतं. शाळेत असताना मुलं पेन्सिल जिभेला लावून जांभळ्या जिभा घेऊन फिरत, त्यावरून सुचलं. कागद बुटात घातले आणि बूट परातीत पाणी आणि बर्फाचे तुकडे घालून त्यात उभे केले.

संध्याकाळी कागद काढले. डावा साफ राखाडी. उजव्यावर पुढच्या बाजूला चार ठिपके जांभळे.

दादा कागदाकडे बराच वेळ बघत बसला. "स्क्रूतून न्हाई," तो म्हणाला. "स्क्रू हितं हायेत, ठिपकं तितं हायेत. मधनं पानी आलं कुठनं?"

त्यानं पातं काढलं तेव्हा दिसलं. पात्याला वर एक पोलादी पट्टी असते, ती तळाला टेकते. डाव्या बुटाला आम्ही आधी लाख लावून मग पातं बसवलं होतं. उजव्याच्या वेळी घाईत पातं आधी बसवलं आणि लाख भोवतीनं फिरवली. पट्टीखालचं चामडं उघडं राहिलं होतं. पाणी पट्टीखाली शिरून तिथून वर गेलं. पातं काढून खाली लाख दिली आणि पट्टी गरम मेणावर दाबून बसवली. दुसऱ्या दिवशी परातीतून काढलेले दोन्ही कागद राखाडी निघाले.

मला वाटलं, झालं. पण दादाचं समाधान नव्हतं.

"परातीत बूट उभा ऱ्हातो. बाई कुठं उभ्या ऱ्हायल्यात?"

हन्नाबाईंचंही तेच म्हणणं होतं, पण कारण वेगळं. "मी फार वर्षं बर्फावर नाही," त्या म्हणाल्या. "बूट तयार आहे. मी आहे की नाही, माहीत नाही. आधी बघते, मग सिमल्याला तार करते." तार करायला तोवर दोनच दिवस उरले होते.

नगरमध्ये उभं राहण्याएवढा बर्फ होता तो एकाच ठिकाणी. स्टेशनाकडे गणपतशेठचा सोड्याचा आणि बर्फाचा कारखाना होता. माणसाच्या उंचीच्या लाद्या निघत. दादा आणि मी गेलो. दादानं सांगितलं. गणपतशेठनं पान थुंकलं.

"बर्फावर बाई उभी ऱ्हानार? दावीद, माझ्या बर्फावर आजपोतर मासळी उभी ऱ्हायली अन् सोड्याच्या बाटल्या."

"बाटलीपरीस बाई शानी हाय, शेठ."

"पडली तर?"

"पडली तर दवाखान्यातलीच हाय. घरच्या घरी."

शेठ हसला. थंडीत तसाही बर्फाला उठाव नव्हता. "सकाळच्याला या. उन्हं चढायच्या आत. अन् पडली तर मी काय बघितलं न्हाई."

सकाळी कारखान्याच्या छपरात त्यानं लाद्या एकमेकींना भिडवून लावून ठेवल्या होत्या. दोन बाजा शेजारीशेजारी ठेवल्या तर होईल एवढी जागा. फटींत बर्फाचा चुरा भरून वर पाणी मारलं होतं. ते काम त्यानं किती मन लावून केलं होतं ते बघून मला आश्चर्य वाटलं. सोडा भरणारे कामगार काम सोडून भिंतीला लागून उभे होते.

मी नवे ठिपके काढलेले कागद बुटांत घातले. हन्नाबाई उलट्या खोक्यावर बसल्या. लेस बोटांकडे सैल, घोट्याशी घट्ट, वर पुन्हा थोडी सैल, अशी बांधतात. त्यांनी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली. मग हात पुढे केला. दादानं हात धरून त्यांना लाद्यांवर चढवलं.

त्या उभ्या राहिल्या. दादाचा हात त्यांनी सोडला नव्हता. बर्फ पात्याखाली करकरला. त्यांनी गुडघे वाकवले, उजव्या पायावर भार टाकला आणि डावा पाय थोडा उचलला. मग हात सोडला.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, म्हणजे चार पावलं, त्या गेल्या. गेल्या म्हणजे चालल्या नाहीत. पाण्यावरून पान जातं तशा गेल्या. टोकाला थांबल्या. परत आल्या. मध्यावर येऊन त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले, अंगाला थोडा पीळ दिला, हात छातीशी घेतले आणि जागच्या जागी गरकन फिरल्या. पात्याखालून बर्फाचा भुगा उडाला. पांढरा झगा फिरला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते फिरताना कळलं नाही.

मी बघतच राहिलो. दादानं मला कोपर मारलं.

"मास्तर, बाईकडं काय बघतोस? घोटा बघ."

मी घोटा बघितला. तो ताठ होता. दोन्ही बाजूंनी कोणी तळवे लावून धरावा तसा.

त्या थांबल्या. गणपतशेठ म्हणाला, "बाई, आणखी एक डाव करा. मी नीट बघितलं न्हाई."

त्यांनी पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. उन्हं छपरात आली आणि लाद्यांवर पाण्याचा थर दिसायला लागला तेव्हाच त्या खाली उतरल्या. आम्हाला हवं होतं तेवढं पाणी बुटांना लागलं होतं. बूट निघाले. दादानं एकातला आणि मी दुसऱ्यातला कागद काढला.

दोन्ही राखाडी.

हन्नाबाईंनी कागद हातात घेतले आणि ठिपक्यांकडे बघत म्हणाल्या, "आईला बरोबर माहीत होतं." मग डोळे पुसून गणपतशेठला विचारलं, "तारघर किती वाजता उघडतं?"

"आता उघडंल. टांगा माझा घेऊन जावा. अन् बाई, ह्या लाद्यांचं पानी मी सोड्यात वापरनार न्हाई. तुमच्या बुटाची लाख लागली असंल त्याला."

"घाल सोड्यात," दादा म्हणाला. "ढेकर ताठ येईल."

त्या मनमाडवरून सिमल्याला गेल्या. आम्ही स्टेशनावर सलाम करायला गेलो होतो. दादानं त्यांना मेण, राळ आणि थोडं जवसाचं तेल घालून केलेल्या मलमाचा डबा दिला आणि गाडी हलेपर्यंत सूचना देत राहिला. पात्याचं पाणी लगेच पुसायचं. घरी गेल्यावर लेस पूर्ण सैल करायची, जीभ बाहेर ओढून ठेवायची. शेगडीजवळ बूट न्यायचा नाही, सावलीतच वाळवायचा. मलम तळाला, शिवणीला आणि स्क्रूंना. "अन् घोट्याला तेल न्हाई!" गाडीबरोबर चालत तो ओरडला. "घोट्याला एक थेंब तेल न्हाई!" फलाटावरचे लोक बघायला लागले.

सिमल्याचा बर्फ उतरल्यावर त्या नगरला आल्या. दवाखान्यात भेटायला आणि बूट दाखवायला. दादानं त्यांना बसा म्हणायच्या आधी बुटाची टाच चिमटीत दाबली. दबली नाही. डाव्या तळाची कड एका जागी मऊ झाली होती. एक दिवस पुसायचं राहिलं, असं त्यांनी सांगितलं. दादानं त्यावरून त्यांना भरपूर सुनावलं आणि कड नवी करून दिली. तिकडे त्यांच्याकडे पुष्कळ मुलं शिकायला येत होती. "मी त्यांना आधी बूट पुसायला शिकवते," त्या म्हणाल्या. "मग उभं राहायला." पुढची काही वर्षं त्या दर हिवाळ्याआधी सिमल्याहून बूट पाठवत. मग त्यांनी तिथल्याच एका कारागिराला सगळं शिकवलं आणि बूट यायचे थांबले. आम्हाला त्याचं वाईट वाटलं नाही. काम एका माणसाकडे अडून राहू नये.

पाणी आत धरायचं चामडं वेगळं आणि पाणी बाहेर ठेवायचं चामडं वेगळं, एवढंच या सगळ्यातून शिकण्यासारखं आहे. पहिल्याला तेल, दुसऱ्याला लाख आणि मेण. मी हे असं सांगतो. दादा असं सांगत नसे. त्या हिवाळ्यापासून कोणीही काहीही घेऊन आलं, मोट, चप्पल, खोगीर, शाळेची पिशवी, की तो ती वस्तू हातात घ्यायच्या आधी विचारायचा, "ह्यानं वाकायचं हाय का ताठ ऱ्हायचं?" लोक गोंधळायचे. काही जण हसायचे. उत्तर मिळाल्याशिवाय तो तेलाच्या डब्याला हात लावत नसे.

परवा कॉलेजातला एक मुलगा फुटबॉलचे बूट घेऊन आला. पावसाळ्यात भिजून कडक झाले होते. मी तेलाचा डबा उघडला, मग झाकण लावून ठेवलं आणि त्याला विचारलं. त्यानं मला पुन्हा विचारायला लावलं. मी पुन्हा विचारलं, दादाच्याच शब्दांत. मुलगा जरा विचार करून म्हणाला, "बोटांपाशी वाकायला पाहिजे काका, टाचेला नको."

नेमकं उत्तर होतं. मी बूट ठेवून घेतले.